बाराव्या वर्षीची परीक्षा

जपानमध्ये सहावी संपवून माध्यमिक शाळेत जाण्यासाठी कोणत्याही मुलाला परीक्षा द्यावी लागत नाही. १९४७ साली झालेल्या शिक्षणविषयक कायद्यांनी सहा वर्षांचे प्राथमिक आणि त्यापुढचे तीन वर्षांचे माध्यमिक शिक्षण सक्तीचे केले. सरकारी शाळेत या नऊ वर्षांसाठी शिक्षणशुल्क नाही, आणि घर ज्या वस्तीत असेल तिथली शाळा साधारणपणे ठरलेली असते. तरीही तोक्यो आणि त्याला लागून असलेल्या कानागावा, साइतामा व चिबा या प्रांतांतली पन्नास हजारांहून अधिक मुले दर हिवाळ्यात खासगी माध्यमिक शाळांच्या प्रवेशपरीक्षेला बसतात. या भागात सहावीत शिकणाऱ्या दर पाच-सहा मुलांमागे असे एक मूल पडते. देशभरात मात्र खासगी माध्यमिक शाळांत शिकणारी मुले शेकडा सात-आठच आहेत, आणि खेड्यांत तर अशी शाळा जवळपास नसतेच. हा प्रश्न मोठ्या शहरांचा, त्यातही सुस्थितीतल्या कुटुंबांचा आहे. तोक्योच्या मिनातो आणि बुंक्यो या वॉर्डांत खासगी शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण इतके वाढले आहे की वर्गातल्या ज्या मुलाने परीक्षा द्यायची नाही असे ठरवले, त्यालाच कारण सांगावे लागते.

या परीक्षेतून मिळते ती मुख्यतः सहा वर्षांची निश्चिंती. जपानी मुलाला पंधराव्या वर्षी उच्च माध्यमिक शाळेसाठी आणि अठराव्या वर्षी विद्यापीठासाठी परीक्षा द्यावी लागते. बहुतेक नामांकित खासगी शाळा माध्यमिक व उच्च माध्यमिक अशी सहा वर्षे सलग चालवतात, त्यामुळे पंधराव्या वर्षीची परीक्षा टळते आणि अभ्यासक्रम आधी संपवून शेवटचे वर्ष विद्यापीठाच्या तयारीला देता येते. केइओ किंवा वासेदा विद्यापीठाशी संलग्न शाळांतून तर बहुतेक मुले प्रवेशपरीक्षा न देताच त्या विद्यापीठात पोहोचतात. वाद्यवृंद, विज्ञान मंडळ, गिर्यारोहण अशा गोष्टींना सहा वर्षे अखंड वेळ मिळतो, याचेही आकर्षण खरे आहे.

वेळापत्रक ठरलेले असते. साइतामातल्या शाळा १० जानेवारीपासून, चिबातल्या २० जानेवारीपासून परीक्षा घेतात. तोक्यो आणि कानागावाच्या शाळांची परीक्षा १ फेब्रुवारीला सुरू होते आणि पहिले तीन दिवस निर्णायक ठरतात. मुलांच्या कैसेई, आझाबू व मुसाशी आणि मुलींच्या ओइन, जोशी गाकुइन व फुताबा या सर्वांत मानाच्या सहा शाळा एकाच दिवशी, १ फेब्रुवारीला परीक्षा घेतात. त्यामुळे त्यांतली एकच निवडावी लागते. १ फेब्रुवारीला रविवार आला की जोशी गाकुइनसारख्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती शाळा प्रार्थनेच्या दिवशी परीक्षा नको म्हणून ती दुसऱ्या दिवसावर नेतात, आणि एरवी एकत्र देता न येणाऱ्या दोन शाळांच्या परीक्षा मुलींना देता येतात. २०१५ मध्ये असे झाले आणि २०२६ मध्येही १ फेब्रुवारी रविवारीच आहे. अशा वर्षी सगळ्या शाळांची गणिते बदलतात, म्हणून पालक आणि शिकवण्या कित्येक महिने आधीपासून दिनदर्शिका समोर ठेवून बसतात. एक मूल सरासरी पाच-सहा परीक्षा देते. जानेवारीत शाळेला दांडी मारून घरी अभ्यास करणारी सहावीची मुले इतकी असतात की काही वर्गांत शिकवणे जवळजवळ थांबते.

प्रश्नपत्रिका चार विषयांच्या असतात: जपानी भाषा, अंकगणित, विज्ञान आणि समाजशास्त्र. कैसेईत पहिल्या दोन विषयांना ८५-८५ आणि उरलेल्या दोघांना ७०-७०, असे एकूण ३१० गुण असतात. जागा ३०० आणि परीक्षेला बसणारे हजाराच्या वर. कोबेची नादा ही शाळा दोन दिवस परीक्षा घेते आणि समाजशास्त्र विचारतच नाही.

यातल्या अंकगणिताबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण या परीक्षेवरची बरीचशी टीका आणि बरेचसे प्रेमही त्याच्याभोवती फिरते. प्राथमिक शाळेत बीजगणित शिकवत नाहीत, म्हणून समीकरण न मांडता उत्तर काढावे लागेल अशीच उदाहरणे घातलेली असतात. क्रौंच आणि कासवांचे उदाहरण हा त्यातला सर्वांत जुना प्रकार. क्रौंच आणि कासवे मिळून २० आहेत, पाय ५४ आहेत, कासवे किती? सगळे क्रौंचच आहेत असे धरले तर पाय ४० होतात. १४ पाय कमी पडतात. एक क्रौंच काढून तिथे एक कासव ठेवले की दोन पाय वाढतात, म्हणजे कासवे ७ आणि क्रौंच १३. दहा वर्षांच्या मुलाला ही युक्ती स्वतःहून सुचली तर तो आनंद मोठा असतो. पण परीक्षेत अशा पद्धतींचे कितीतरी प्रकार येतात: दोन वाटसरू समोरासमोर चालत येतात, हौदात पाणी भरते आणि गळते, दोन माणसे मिळून काम करतात. हे सगळे प्रकार प्राथमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकात मिळत नाहीत. त्यामुळे शाळेत पूर्ण गुण मिळवणारे मूलही शिकवणीशिवाय या परीक्षेत टिकत नाही, आणि इथेच ही परीक्षा प्राथमिक शाळेपासून तुटते.

चांगल्या शाळांचे प्रश्न मात्र कित्येकदा उत्तम असतात. २०१३ साली आझाबूच्या विज्ञानाच्या पत्रिकेत सजीवांची लक्षणे समजावून सांगितली होती आणि मग विचारले होते की डोरेमॉन हा यंत्रमांजर कितीही प्रगत तंत्राने बनलेला असला तरी त्याला सजीव का मानता येत नाही. पाठांतराने याचे उत्तर देता येत नाही. दिलेली व्याख्या वाचून ती नेमकी लावून दाखवावी लागते. निचिनोकेन ही शिकवणी असे निवडक प्रश्न तोक्योच्या लोकलच्या डब्यांत जाहिरातीच्या जागी लावते, आणि कामावरून परतणारी मोठी माणसे उभ्या उभ्या ते सोडवत असतात. बारा वर्षांच्या मुलाला एवढ्या गंभीरपणे विचार करायला लावणारी प्रश्नपत्रिका ही वाईट गोष्ट नव्हे. वाईट आहे ती तिथपर्यंत पोहोचायची वाट.

ती वाट शिकवणीतून जाते. जपानमध्ये शिकवणीला जुकु म्हणतात. १९५४ पासूनची योत्सुया ओत्सुका, १९८९ मध्ये निघालेली सॅपिक्स, निचिनोकेन, वासेदा अॅकॅडमी, ओसाकाकडे हामा गाकुएन ही मोठी नावे. नवे वर्ष फेब्रुवारीत सुरू होते, म्हणजे तिसरीचे मूल शाळेचे वर्ष संपण्याआधीच शिकवणीत चौथीला बसते. तिथून पुढे तीन वर्षे. चौथीत आठवड्याला दोन-तीन संध्याकाळी, सहावीत जवळपास रोज रात्री नऊपर्यंत आणि शिवाय रविवारी. ठरावीक काळाने परीक्षा होते आणि गुणांप्रमाणे वर्ग बदलतात. काही ठिकाणी वर्गातली बसायची जागासुद्धा गुणांवर ठरते. शिहो ताकासे यांची या विषयावरची ‘निगात्सु नो शोशा’ ही चित्रमालिका २०१७ नंतर गाजली आणि २०२१ मध्ये तिची दूरचित्रवाणी मालिका झाली. शिकवणीला मुलांपेक्षा पालकांची नाडी जास्त कळते, हे तिने उघडपणे दाखवले.

मुलाची किंमत एका आकड्यात सांगणारे जे माप या जगात चालते त्याला हेनसाची म्हणतात. सरासरी गुण मिळवणाऱ्याला ५०. सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाने वर असलेल्याला ६०. तोक्योतले एक माध्यमिक शिक्षक शोझो कुवाता यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली. कोणत्या मुलाला कोणती शाळा झेपेल हे शिक्षकांच्या मर्जीवर ठरू नये, काही आधार असावा, हा त्यांचा हेतू होता. पुढे हाच आकडा शाळांनाही लावला गेला आणि शाळा उतरंडीने मांडल्या गेल्या. १९९३ मध्ये शिक्षण मंत्रालयाने खासगी कंपन्यांच्या सराव परीक्षा सरकारी माध्यमिक शाळांच्या आवारातून बाहेर काढल्या. शिकवण्यांत मात्र त्या तशाच राहिल्या. हेनसाचीविषयी पालक एक गोष्ट सारखी विसरतात: ती त्या परीक्षेला बसलेल्या मुलांशी केलेली तुलना असते. जिथे अभ्यासात पुढे असलेली मुलेच बसतात तिथे ५० मिळवणारे मूल आपल्या वयाच्या सर्व मुलांत बरेच वर असते. तरीही घरात ५० हा आकडा ‘जेमतेम’ म्हणूनच ऐकला जातो, आणि मूल स्वतःकडे तसेच पाहायला शिकते.

घराचा वाटा इतका मोठा आहे की ही परीक्षा नेमकी कोणाची, असा प्रश्न पडतो. शिकवणीत मिळालेल्या कागदांच्या चळती लावणे, चुकलेली उदाहरणे कापून वहीत चिकटवणे, शाळांच्या माहितीसभांना जाणे, रात्रीच्या शिकवणीसाठी डबा पोहोचवणे ही कामे बहुतेक घरांत आईकडे असतात, आणि नोकरी करणाऱ्या आईला ती पेलवत नाहीत. बाप शनिवार-रविवारी गणित घेतो. इथे प्रेम आणि दडपण यांच्यातली रेघ फार सहज पुसली जाते. अभ्यासाच्या नावाखाली होणाऱ्या छळाला जपानमध्ये आता स्वतंत्र संज्ञा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये नागोयात एका बापाने याच परीक्षेच्या अभ्यासावरून सहावीतल्या आपल्या मुलाला चाकूने भोसकून मारले. २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला १३ वर्षांची शिक्षा दिली. हे टोकाचे प्रकरण आहे, पण त्या बातमीत अनेक घरांतल्या माणसांना आपल्याच घरातला आवाज ऐकू आला, म्हणून ती विसरली गेली नाही.

पैशाचे गणित साधे आहे. तीन वर्षांच्या शिकवणीला वीस लाख येन सहज लागतात. शिक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या पाहणीनुसार खासगी माध्यमिक शाळेतल्या मुलामागे वर्षाला सुमारे १४ लाख ३६ हजार येन खर्च होतो, तर सरकारी शाळेतल्या मुलामागे शिकवणी धरून सुमारे ५ लाख ३९ हजार. तोक्यो महानगर शासन खासगी माध्यमिक शाळेतल्या मुलांना वर्षाला एक लाख येन साहाय्य देते आणि २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही. या रकमेने आधीच जाणाऱ्या कुटुंबाचा भार थोडा हलका होतो. शिकवणीच्या तीन वर्षांचा खर्च न झेपणारे मूल मात्र परीक्षेच्या दारापर्यंतच येत नाही.

ही स्पर्धा आजची नव्हे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी माध्यमिक शिक्षण सक्तीचे नव्हते आणि त्याच्या परीक्षेने मुले पिचतात अशी ओरड होती. १९२७ मध्ये शिक्षण मंत्रालयाने लेखी परीक्षा बंद करून प्राथमिक शाळेचा अहवाल आणि तोंडी परीक्षा यांवर निवड करायला लावली. अहवालांवर विश्वास कोणी ठेवायचा, हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि काही वर्षांतच लेखी प्रश्न परतले. युद्धानंतर सक्तीचे शिक्षण नववीपर्यंत गेले तेव्हा काही काळ चुरस पंधराव्या वर्षावर सरकली. त्या काळात तोक्योची सर्वांत नावाजलेली शाळा सरकारी होती: हिबिया. १९६४ मध्ये तिथून १९३ मुले तोक्यो विद्यापीठात गेली. ही एकतर्फी चढाओढ थांबावी म्हणून महानगराने १९६७ च्या प्रवेशापासून दोन-तीन शाळांचे गट केले आणि मुलाला गटातल्या कोणत्याही शाळेत घालायला सुरुवात केली. हेतू समतेचा होता. पण ज्यांना शाळा निवडायचीच होती त्यांनी सरकारी शाळा सोडल्या आणि सहा वर्षांच्या खासगी शाळा गाठल्या. १९९३ मध्ये हिबियातून तोक्यो विद्यापीठात एक मुलगा गेला. १९८२ पासून पहिल्या स्थानावर सलग कैसेई आहे. महानगराने नंतर धोरण बदलले, हिबियाला स्वतःची परीक्षा घेऊ दिली आणि गेल्या दशकात ती शाळा पुन्हा पन्नाशीच्या पुढे गेली. पण मधल्या काळात बाराव्या वर्षीची परीक्षा पक्की रुजली होती. २००२ मध्ये अभ्यासक्रम सुमारे तीस टक्क्यांनी कमी केला गेला आणि शनिवारची शाळा बंद झाली तेव्हा सरकारी शाळेत मूल मागे पडेल या भीतीने आणखी कुटुंबे तिकडे वळली. २००८ च्या मंदीनंतर संख्या घटली, २०१५ च्या सुमारास पुन्हा वाढू लागली.

परीक्षा सरळ बंद केली तर काय होते, याचे उत्तर दक्षिण कोरियाने दिले आहे. डिसेंबर १९६४ मध्ये सोलच्या माध्यमिक प्रवेशपरीक्षेत प्रश्न होता: भातापासून गोड चिक्कीसारखा पदार्थ करताना मोडाच्या धान्याऐवजी काय घालता येईल? अपेक्षित उत्तर डायस्टेज हे पाचकद्रव्य होते. पर्यायांत मुळ्याचा रसही होता, आणि मुळ्याच्या रसात डायस्टेज असतेच. एका गुणाने नामांकित शाळा हुकलेल्या मुलांच्या आया मुळ्याचा रस घालून तो पदार्थ शिजवून शिक्षण कार्यालयात घेऊन गेल्या. प्रकरण न्यायालयात गेले, पालक जिंकले आणि १९६५ मध्ये ३८ मुलांना प्रवेश द्यावा लागला. सहावीच्या मुलाचे आयुष्य एका गुणावर टांगलेले आहे, हे साऱ्या देशाने पाहिले. जुलै १९६८ मध्ये सरकारने परीक्षा रद्द केली. १९६९ मध्ये सोलमध्ये आणि १९७१ पर्यंत देशभर मुले हाताने फिरवायच्या लाकडी पिंपातून चिठ्ठीची गोळी काढून शाळा मिळवू लागली. क्योंगीसारख्या मानाच्या माध्यमिक शाळा बंदच करून टाकल्या. प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या अंगावरचे ओझे खरोखर उतरले, आणि हा लाभ लहान नाही. पण चढाओढ तीन वर्षे पुढे सरकली. १९७४ पासून उच्च माध्यमिकसाठीही सोडत आणावी लागली, मग सगळा भार विद्यापीठाच्या परीक्षेवर आला. १९८० मध्ये लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. ती बंदी चोरून मोडली जात राहिली आणि २००० मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली.

भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ ने शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणे निषिद्ध केले आहे, त्यामुळे जपानसारखी परीक्षा भारतातल्या खासगी शाळांना घेता येत नाही. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा घेतात त्या नवोदय आणि सैनिक शाळा, आणि नवोदयचा भर तर ग्रामीण मुलांवर आहे. तोक्योत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची मुले बहुधा भारतीय किंवा आंतरराष्ट्रीय शाळांत जातात आणि या परीक्षेच्या वाटेला जात नाहीत. एक वेगळा दुवा मात्र आहे. एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये निवडून आलेले, मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०२२ मध्ये इबाराकी प्रांतातल्या सरकारी त्सुचिउरा पहिल्या उच्च माध्यमिक शाळेत उपमुख्याध्यापक म्हणून आले आणि पुढे तिथे मुख्याध्यापक झाले. या शाळेला २०२१ मध्ये संलग्न माध्यमिक शाळा जोडली गेली.

अशा सरकारी सहा वर्षांच्या शाळांना १९९८ च्या कायदाबदलाने परवानगी मिळाली; तोक्योत पहिली २००५ मध्ये हाकुओ. परीक्षेची चुरस पुन्हा पेटू नये म्हणून त्यांना विषयांची परीक्षा घेण्याची मुभा दिली नाही. त्या अभियोग्यता चाचणी घेतात: उतारे, तक्ते, नकाशे देऊन मुलाला स्वतःच्या शब्दांत लिहायला लावतात. हा प्रयत्न प्रामाणिक आहे आणि शुल्क नसल्याने गरीब घरांना खरी संधी आहे. पण शिकवण्यांनी या चाचणीचेही वर्ग काढले, आणि दर जागेमागे चार-पाच मुले असल्याने बहुतेकांच्या पदरी नकारच येतो.

तेव्हा एखाद्या मुलाने या परीक्षेला बसावे की नाही? नामांकित शाळेचा निकाल पाहून याचे उत्तर देता येत नाही. हजारातून निवडलेली ३०० मुले पुढे चमकली तर त्यात शाळेचा भाग किती आणि निवडीचा किती, हे निकालाच्या यादीतून वेगळे करता येत नाही. दुसरी गोष्ट वयाची. जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलला सुरू होते. एप्रिलमध्ये जन्मलेले आणि पुढच्या मार्चमध्ये जन्मलेले मूल एकाच वर्गात, एकाच परीक्षेला बसते. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक मोठा असतो, आणि मार्चमधल्या मुलाचे मागे असणे हा बुद्धीचा पुरावा नव्हे. ज्या मुलाला कोड्यांची गोडी आहे, जे शिकवणीहून घरी येताना उदाहरणाविषयी बोलत येते, त्याच्यासाठी ही तीन वर्षे कष्टाची असूनही भरलेली असतात. अशा मुलाला अडवू नये. जे मूल केवळ आई-बापाला वाईट वाटेल म्हणून जाते, ज्याची झोप तुटली आहे, जे चुकीचे उत्तर खोडून बरोबरचे उतरवू लागले आहे, त्याला पाचवीतच थांबवणे हा पराभव नसतो. मधेच थांबता येईल असे घरात आधी मोकळेपणाने बोलून ठेवलेले असेल, तरच सुरुवात करावी. या निर्णयात शिकवणीचा सल्ला कमी मोलाचा आहे, कारण मूल थांबले की तिचे उत्पन्न थांबते.

प्रवेश न मिळालेल्या मुलांचे पुढे काय होते, याची चर्चा फार कमी होते. एकाही शाळेत नाव न लागलेले मूल फेब्रुवारीत निकाल पाहते आणि एप्रिलमध्ये वस्तीतल्या सरकारी शाळेत जाते. बरोबरीच्या मुलांना सगळे माहीत असते. काही महिने अवघड जातात. पण तीन वर्षांत केलेले गणित आणि वाचन कुठे जात नाही, आणि पंधराव्या वर्षी पुन्हा परीक्षा असते; हिबियासारख्या शाळा तेव्हाच प्रवेश देतात. बाराव्या वर्षीची परीक्षा सोसण्याजोगी होते ती या दुसऱ्या दारामुळे. आणि काळजी वाटावी अशी गोष्ट नेमकी इथे घडते आहे. तोक्योतल्या होंगो शाळेने २०२१ मध्ये आणि मुलींच्या तोशिमागाओकाने २०२२ मध्ये उच्च माध्यमिकचे प्रवेश बंद केले. आत यायचे तर बाराव्या वर्षीच. महानगराच्या हाकुओसह पाच सरकारी संलग्न शाळांनीही २०२१ ते २०२३ या काळात तेच केले. पुढे आलेली मुले आणि नव्याने येणारी मुले एकत्र शिकवणे कठीण जाते, हे त्यामागचे मुख्य कारण सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. पण अशी दारे बंद झाली की उशिरा उमलणाऱ्या मुलाला जागा उरत नाही आणि चौथीतल्या मुलाच्या पालकाला शिकवणीचा अर्ज भरण्यावाचून पर्याय वाटत नाही. कैसेई आजही पंधराव्या वर्षी १०० मुले नव्याने घेते, आणि त्यांच्यासाठी पहिल्या वर्षी वेगळे वर्ग चालवते. जे एका खासगी शाळेला जमते ते सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळांनी सोडून द्यायला नको होते.